पणजी ‘चळवळीत होती’ म्हणजे नेमकी कुठे होती?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला जेवढा समजला तेवढा आधी माझ्या शब्दांत मांडते, चुकत असेन तर सांगा. गिरगावातल्या जुन्या घराची आवराआवर करताना पणजीची ट्रंक निघाली. तिच्यात एक केशरी खादीची साडी, बायकांचा एक ग्रुप फोटो, पांढऱ्या फितीचं बांधलेलं फूल आणि चार पोस्टकार्डं. घरात सांगत आलेत ते असं: पणजी (जन्म १९०३ च्या सुमारास, माहेर पुण्याचं) दारूबंदीच्या आणि बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीत होती. १९२० साली तिनं मत दिलं. १९३१ च्या उन्हाळ्यात गुत्त्यापुढे उभी राहिली म्हणून तीन महिने आर्थर रोडच्या तुरुंगात होती. आणि तिची आई पंडिता रमाबाईंबरोबर अमेरिकेला जाऊन तिथल्या दारूबंदीवाल्या बायकांना भेटून आली होती. कुळवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीत यावर चार पानं द्यायची आहेत आणि संपादक असलेले काका पुरावा मागताहेत.

काकांना माझा नमस्कार सांगा. पुरावा मागणारा संपादक कुळवृत्तांताला सहसा लाभत नाही.

मी वीस-बावीस वर्षं जुन्या घरांचे कागद लावून देण्याचं काम करते. कुळवृत्तांत, स्मरणिका, कधी कोर्टातल्या वाटणीसाठी वंशावळ. त्यात हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत निदान तीसेक वेळा माझ्यासमोर आला आहे. पुरावा कुठे मिळेल असं तुम्ही विचारता, पण अडचण त्याच्या आधीची आहे. तुमच्याकडे एका गोष्टीत चार गोष्टी शिवलेल्या आहेत. ‘चळवळ’ हा शब्द आपल्या घरांमध्ये गोधडीसारखा वापरतात, त्याखाली काहीही झाकलं जातं. चारही गोष्टी उसवून वेगळ्या केल्याशिवाय कुठल्याही दप्तरात जाऊन उपयोग नाही, कारण प्रत्येकीचे कागद वेगळ्या कपाटात आहेत.

मताचं आधी घेऊ, कारण ते सोपं आहे. १९२० साली तुमच्या पणजीनं कायदेमंडळासाठी मत दिलेलं असणं शक्य नाही. मताधिकाराचा विचार करायला आलेल्या साउथबरो समितीनं १९१९ मध्ये बायकांना मत नको असं सांगितलं. त्या वर्षीच्या कायद्यानं हा प्रश्न प्रांतांच्या कौन्सिलांवर, म्हणजे तिथल्या कायदेमंडळांवर सोपवला. मद्रासनं १९२१ मध्ये पहिली परवानगी दिली, मागोमाग त्याच वर्षी मुंबईनं. म्हणजे मुंबई इलाख्यात बायका कौन्सिलसाठी मत देऊ शकल्या ते १९२३ च्या निवडणुकीपासून. तेही नावावर मालमत्ता किंवा कर असेल तरच, आणि वय २१ पूर्ण असेल तरच. १९०३ चा जन्म धरला तर १९२३ ला ती वीस वर्षांची. तेव्हा १९२६ हे तिचं मत देण्याचं सगळ्यात लवकरचं साल, आणि तेही गिरगावातली एखादी खोली खरोखर तिच्या नावावर असली तर. नसली तर १९३७ पर्यंत थांबा. १९३५ च्या कायद्यानं मतदार नवऱ्याच्या बायकोला आणि साक्षर बाईलाही वाट मोकळी केली, तेव्हा तुमच्या पणजीसारख्या हजारोजणींचं नाव पहिल्यांदा यादीत आलं.

मग घरात १९२० कुठून आलं? माझा अंदाज सांगते, अंदाज म्हणूनच घ्या. माहेर पुण्याचं म्हणालात. १९२० साली पुण्यात मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणावरून मोठं रण माजलं होतं. नगरपालिका मुलांना सक्ती करायला तयार होती, मुलींना नव्हती, आणि रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं बायका रस्त्यावर आल्या. सतरा वर्षांची मुलगी आईबरोबर त्या मोर्चात गेली असेल तर तिला ते जन्मभर आठवणार. पुढे नातवंडांना सांगताना ‘आम्ही हक्कासाठी गेलो होतो’ एवढं ती म्हणाली असेल, आणि हक्क म्हटलं की मताचा हक्क, असं पुढच्या पिढीनं स्वतःच भरून घेतलं असेल. घरच्या आठवणीत साल बहुतेकदा बरोबर असतं, प्रसंग चुकतो. उलट फार कमी पाहिलं आहे.

आता तुरुंग. इथे मात्र साल तपासायला हवं. एप्रिल १९३० मध्ये गांधीजींनी बायकांना लिहून सांगितलं की दारूची दुकानं आणि परदेशी कापड ही दोन कामं तुमची. मुंबईत देशसेविका संघाच्या बायका केशरी साड्या नेसून दुकानांपुढे उभ्या राहिल्या. मे १९३० अखेर सरकारनं वटहुकूम काढून अशा निरोधनालाच, म्हणजे पिकेटिंगलाच, गुन्हा ठरवलं, आणि मग धरपकड सुरू झाली. पण ५ मार्च १९३१ ला गांधी-आयर्विन करार झाला. त्यात शांततेच्या निरोधनाला मुभा मिळाली आणि कैदी सुटले. म्हणजे १९३१ चा उन्हाळा हा बाकी सगळं सोडून नेमका तोच काळ, ज्यात गुत्त्यापुढे हात जोडून उभ्या राहिलेल्या बाईला सहसा पकडत नव्हते. जानेवारी १९३२ पासून पुन्हा पकडू लागले. तेव्हा तुम्ही १९३० चा पावसाळा आणि १९३२ चा पूर्वार्ध शोधा. १९३१ ला ती उभी राहिली आणि पकडली गेली नाही, असंही असेल. दोन उन्हाळे आठवणीत एक होणं ही रोजची गोष्ट आहे.

शोधताना ‘पिकेटिंग’ शब्दावर अडून बसू नका. त्या वेळच्या मराठी पत्रांत ‘निरोधन’ येतं, ‘निरोधने चालू’ असा मथळा येतो. इंग्रजीत बॉम्बे क्रॉनिकल पाहा, पकडलेल्या बायकांची नावं तिथे पुष्कळदा सापडतात. आणि इथेच खरी मेख आहे, ती नावाची.

तुमच्या पणजीला निदान चार नावं होती. माहेरचं, लग्नात बदललेलं, घरात हाक मारायचं आणि पोलिसांनी इंग्रजीत लिहिलेलं. पोलिसांच्या कागदात ती ‘मिसेस अमुक’ असते, पुढे नवऱ्याची आद्याक्षरं, आणि आडनावाचं स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या मर्जीनं. कुळवृत्तांताचा तर प्रश्नच नाही. तुमच्या पहिल्या आवृत्तीत ती एका ओळीत असेल: ‘भार्या अमुक, माहेर पुणे’. मी या कामात नवखी होते तेव्हा एकाच आडनावाच्या, एकाच नावाच्या दोन बायका एक समजून एकीची सजा दुसरीच्या खात्यात छापली होती. सोलापूरच्या बाईंची सजा ठाण्याच्या बाईंना. पुस्तक हातात पडल्यावर ठाण्याच्या बाईंच्या नातीनं फोन केला आणि शांतपणे म्हणाली, ‘आमची आजी त्या वर्षी बाळंत होती हो.’ तेव्हापासून मी आधी मुलांच्या जन्मतारखा एका कागदावर लिहिते, मग तुरुंगाच्या तारखा शोधते. तुम्हीही तेच करा. तुमच्या आजीचा जन्म आणि तिच्या भावंडांचे जन्म मांडा. जिथे तीन महिने बसत नाहीत तिथे रेघ मारा.

कागद कुठे पाहायचे? मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. तिथे गृहखात्याच्या फायली. त्याआधी घरबसल्या होणारं काम म्हणजे राज्याच्या दर्शनिका (गॅझेटियर) विभागानं काढलेला स्वातंत्र्यसैनिकांचा चरित्रकोश चाळणं. मोठ्या ग्रंथालयात मिळतो. त्यात नाव नसलं तरी खचून जाऊ नका. तो मुख्यतः सांगितलेल्या माहितीवर उभा आहे, आणि पुष्कळ बायकांनी सांगितलंच नाही. १९७२ च्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शनचंही तसंच. अर्ज केला नाही म्हणजे तुरुंगात गेली नाही असं होत नाही. घरचे म्हणाले असतील, ‘आपल्याला काय कमी आहे?’ आणि विषय संपला.

पणजीच्या आईची अमेरिका. इथे मी जरा जपून बोलते. रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी, फिलाडेल्फियाला. बरोबर लहानगी लेक मनोरमा. तिथे त्या जवळजवळ तीन वर्षं राहिल्या, भाषणं दिली, शाळेसाठी पैसे जमवले, आणि फ्रान्सिस विलर्डच्या दारूबंदीवाल्या संघटनेशी त्यांचा जवळचा संबंध आला. परत आल्यावर १८८९ मध्येच त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं, त्यात तिथल्या बायकांच्या संस्थांची ओळख आपल्या वाचकांना करून दिली. आता गणित करा. पणजीचा जन्म १९०३, म्हणजे तिच्या आईचा जन्म १८८० ते १८८५ च्या आसपास. रमाबाई अमेरिकेत होत्या तेव्हा ही मुलगी फार तर सात-आठ वर्षांची. ती तिथे गेली नव्हती.

पण एवढ्यावर गोष्ट फेकून देऊ नका. मार्च १८८९ मध्ये मुंबईला रमाबाईंचं शारदा सदन, म्हणजे त्यांची मुलींची शाळा, उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनकडून पैसे येत, पाहुण्याही येत. नऊ-दहा वर्षांची पुण्याची मुलगी तिथे असेल तर तिनं अमेरिकन बायका डोळ्यांनी पाहिल्या असणार. मग ‘अमेरिकेच्या बायकांना भेटली’ हे अक्षरशः खरं, फक्त भेट पुण्यात झालेली. आणि तुमचं पांढऱ्या फितीचं फूल? विलर्डच्या संघटनेची जगभरची खूण तीच होती, पांढऱ्या फितीची गाठ. ती हिंदुस्थानातही पोचली होती. अर्थात पांढरी फीत म्हणजे वेणीची फीतही असू शकते. टाचणी लावायची सोय मागे शिवलेली आहे का ते पाहा.

आता नाजूक भाग. शारदा सदनात इतर मुलीही होत्या, पण मुख्यतः ते बालविधवांसाठी होतं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून गदारोळ झाला, केसरीनं झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या. त्यानंतर ‘आमची मुलगी तिथे होती’ असं पुण्यातली घरं उघडपणे बोलत नसत. तुमची खापरपणजी तिथे असेल तर ती का होती, आणि पुढे तिचं लग्न झालं ते पहिलं की दुसरं, हा प्रश्न येईल. मला उत्तर माहीत नाही आणि मी सुचवतही नाही. पण एखाद्या घरात अमेरिकेच्या प्रवासाची सुरस गोष्ट असते, तेव्हा तिच्या मागे पुण्यातल्या पुण्यात झालेली एखादी न सांगण्याजोगी गोष्ट असण्याची शक्यता मी नेहमी धरून चालते. हे काकांशी आधी बोला, मग छापा.

इथवरचं गोळा करते. मत: १९२० नाही, १९२६ किंवा १९३७. तुरुंग: १९३१ ऐवजी १९३० किंवा १९३२. अमेरिका: नाही, शारदा सदन कदाचित. नाव: चारही रूपांत शोधा.

तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला सगळ्यात आवडली, ती म्हणजे तुम्ही दारूबंदी आणि मत ही जोडी एका दमात लिहिलीत. अमेरिकेत ती जोडी उघड होती. विलर्ड सरळ सांगायची की घर वाचवायचं तर गुत्ता बंद व्हायला हवा आणि गुत्ता बंद करायचा तर बाईला मत हवं. न्यूझीलंडमध्ये १८९३ ला बायकांना मत मिळालं तेही केट शेपर्डच्या पुढाकारानं, तिथल्या याच दारूबंदीवाल्या संघटनेच्या जोरावर. आपल्याकडे दोन्ही वेगवेगळ्या खोल्यांत चाललं होतं. मताचं काम अर्ज, शिष्टमंडळं, सभागृहं यांतून. दारूचं रस्त्यावर, आणि ते जुनं: १८८० मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्याच्या नगरपालिकेला दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिलं आहे, १९०८ मध्ये टिळकांच्या माणसांनी पुण्यात दुकानांपुढे पहारे दिले आहेत.

तरी एक जोड होती, ती कुणी फारशी दाखवत नाही. १९१९ च्या कायद्यानं अबकारी आणि शिक्षण ही दोन्ही खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे गेली. दारूच्या परवान्यांचा पैसा प्रांताच्या तिजोरीत येई आणि त्याच तिजोरीतून शाळा चालत. म्हणजे मुलींच्या शाळेसाठी भांडणाऱ्या बाईला कुणीही म्हणू शकत होतं, ‘बाई, तुमची शाळा दारूवर चालते, बंद कुठली करू?’ आणि हे विचारणारा मंत्री आता मतदारांना जबाबदार होता. मताला किंमत आली ती इथे. १९३७ ला बायका मोठ्या संख्येनं यादीत आल्या आणि १ ऑगस्ट १९३९ ला खेर मंत्रिमंडळानं मुंबईत दारूबंदी आणली. एवढ्यावरून कारण-परिणाम जोडणार नाही, पण दोन्ही तारखा एका पानावर ठेवल्या की पणजीचं आयुष्य जास्त नीट दिसतं. तुमचा ग्रुप फोटो १९३९ च्या मिरवणुकीचाही असू शकेल, तेवढी फट ठेवा.

आणि आज? एखाद्या वॉर्डातल्या किंवा गावातल्या बायकांनी मागणी केली की दारूचं दुकान ठेवायचं की नाही यावर महाराष्ट्रात गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. बरीच वर्षं नियम असा होता: एकूण मतदार बायकांपैकी निम्म्यांहून जास्त आडव्या बाटलीवर आल्या तर दुकान बंद. झालेल्या मतदानातल्या निम्म्या चालत नसत, यादीतल्या निम्म्या लागत, म्हणून कामाच्या दिवशी मतदान ठेवलं की बायका चिडत. विलर्डबाईंनी ही चिठ्ठी पाहिली असती तर फ्रेम करून लावली असती.

चळवळीचं ‘घराणं’ हा शब्द तुमच्या घरासाठी वापरायचा की नाही, असंही विचारलंत. चार पिढ्या दाखवायच्या तर आधी खरी उदाहरणं कशी दिसतात ते पाहा. दादाभाई नौरोजी १८५५ मध्ये कामा या पारशी व्यापाऱ्यांच्या पेढीसाठी लंडनला गेले आणि अफू-दारूचा धंदा पटेना म्हणून काही वर्षांत बाहेर पडले. पुढे स्त्रियांच्या मताधिकाराला त्यांचा उघड पाठिंबा होता. १९३० मध्ये त्यांच्या नाती, पेरीन आणि गोशीबेन, मुंबईच्या देशसेविकांच्या आघाडीवर. आता यातली गंमत बघा, मुंबईतल्या ताडी-दारूच्या परवान्यांत पारशी मंडळी मोठी, दारूवाला, ताडीवाला ही आडनावंच बोलतात. म्हणजे या बहिणी कित्येकदा स्वतःच्याच समाजातल्या दुकानदारांविरुद्ध उभ्या होत्या. मताच्या बाजूचं उदाहरण म्हणजे हिराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन. १९११ मध्ये काश्मीरला हिराबाईंची इंग्लंडात बायकांच्या मतासाठी लढणाऱ्या सोफिया दुलीपसिंगांशी गाठ पडली, तिथून मत हा त्यांचा ध्यास झाला. १९१९ ला मायलेकी लंडनला जाऊन संसदेच्या समितीपुढे साक्ष देऊन आल्या. मिठन तिथेच कायदा शिकून बॅरिस्टर झाली. दोन्ही घरांत एक गोष्ट समान आहे: आधीच्या पिढीनं काहीतरी सोडलं किंवा खर्चलं, आणि त्याचा कागद आहे. तुमच्या घरात तसा एक जरी कागद मिळाला तर ‘घराणं’ म्हणा. नाही मिळाला तर पणजी एकटीच लिहा. एकटी असणं काही कमी नव्हे.

कारणाबद्दल लिहून थांबते, कारण ते तुम्ही विचारलं नाहीत आणि चार पानांत बहुधा येणारही नाही. पणजी का गेली? घरं नेहमी सांगतात, गांधीजींच्या हाकेनं. असेलही. पण दारूबंदीत पडलेल्या बायकांची घरं मी जेवढी पाहिली, त्यांतल्या निम्म्याहून अधिक घरांत कुणीतरी पीत होतं.

एका घराच्या हिशेबाच्या वह्या मी लावल्या आहेत. गाव सांगत नाही. लाल बासनात बांधलेल्या, १९२४ ते १९३३. सुरुवातीचा हिशेब नवऱ्याच्या हातचा, मोडीत. दर शनिवारी एक नोंद: ‘औषध १-२-०’. एक रुपया दोन आणे. मला वाटलं कुणाला तरी जुनं दुखणं असेल. मग दिसलं की डॉक्टरचं औषध वेगळं लिहिलं आहे, ‘डा. औषध ०-६-०’, आणि ते कुठल्याही वारी येतं. शनिवारचं औषध वेगळं होतं. १९२७ च्या दिवाळीनंतर अक्षर बदलतं. मोडी जाऊन बाळबोध येतं, गोल, सावकाश काढलेलं, शाळेत उशिरा गेलेल्या बाईचं. हिशेब तिच्याकडे आला होता. का आला, ते आदल्या महिन्यात दिसतं: ‘गोठ गहाण’. पण ‘औषध’ थांबत नाही. तीही तोच शब्द लिहिते, दर शनिवारी, त्याच रकमेपुढे. एप्रिल १९३० च्या शेवटी एक ओळ आहे, ‘खादी केशरी ९ वार’. आणि त्याच्याच खाली, दोन ओळी सोडून, शनिवार, ‘औषध १-२-०’.

दिवसा ती कुठल्याशा गुत्त्यापुढे गिऱ्हाइकांना हात जोडत होती आणि संध्याकाळी घरातल्या गिऱ्हाइकाचे पैसे मांडत होती. घरच्यांना मी हे दाखवलं. थोरल्या सूनबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ‘अण्णांचं नाव नको यायला.’ शेवटी आम्ही त्या पानाचा फोटो छापला आणि औषध म्हणजे काय ते लिहिलं नाही. ज्याला वाचता येतं त्याला कळेल, असं तेव्हा ठरवलं. तो निर्णय बरोबर होता असं मला आजही ठामपणे म्हणता येत नाही.

तुमच्याकडे वह्या आहेत का ते माहीत नाही, पण पोस्टकार्डं आहेत. त्यांत ‘ह्यांची प्रकृती’ किती वेळा येते ते मोजा. दप्तरात जाण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जा, शक्यतो लेकीच्या बाजूच्या. मुलांकडून आलेल्या आठवणी स्वच्छ धुतलेल्या असतात, लेकींकडच्या नसतात. पहिल्या भेटीत दारूचं नाव काढू नका. साडी घेऊन जा आणि मांडीवर ठेवा, बाकीचं आपोआप निघतं. जाण्याआधी साडी उन्हात मात्र घालू नका, रंग उडेल. डांबरगोळ्या काढून जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळा. उलगडाल तेव्हा डाव्या खांद्यावर येणारा भाग उजेडासमोर धरा. देशसेविकेचा बिल्ला लावला असेल तर टाचणीची दोन भोकं आणि गंजाचा बारीक डाग राहतो, शंभर धुण्यांनीही जात नाही.

पोस्टकार्डांचे फोटो इथेच टाका. दोन्ही बाजू, आणि शिक्क्याची बाजू आधी.